बाप, लेक आणि खतावणी

“सिनेमा देखणा आहे, आणि माझा पहिला आक्षेप तोच,” आत्या म्हणाली.

आत्या एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यातून निवृत्त झाली. उभी हयात दुसऱ्यांची खाती तपासण्यात गेली, त्यामुळे पडद्यावर कुणी ढसाढसा रडू लागला तरी ती आधी त्या माणसाचे व्यवहार बघते. माझं उलट. एखादं दृश्य डोळ्यांत भरलं की गोष्टीतली भोकं मला दिसेनाशी होतात. आम्ही दोघांनी ‘रोड टू परडिशन’ पुन्हा पाहिला आणि जेवणं लांबली.

सिनेमा २००२चा, दिग्दर्शक सॅम मेंडिस. काळ १९३१चा हिवाळा, मुलूख अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला, रॉक आयलंडपासून शिकागोपर्यंतचा. दारूबंदी चालू आहे आणि तिच्यावर पोसलेल्या टोळ्याही. जॉन रूनी हा आयरिश म्होरक्या, मायकल सलिव्हन त्याचा हुकमी मारेकरी. सलिव्हन अनाथ, त्याला रूनीनंच वाढवलेलं. रूनीचा सख्खा मुलगा कॉनर हलक्या डोक्याचा आणि आतून जळणारा. सलिव्हनचा थोरला, बापाच्याच नावाचा मायकल, एका रात्री गाडीत लपून जातो आणि बाप पोटासाठी काय करतो ते पाहतो. साक्षीदार नको म्हणून कॉनर सलिव्हनच्या घरात शिरतो, बायकोला मारतो आणि धाकट्यालाच थोरला समजून त्यालाही मारतो. थोरला शाळेत शिक्षा भोगत थांबलेला, म्हणून वाचतो. मग बाप आणि लेक सहा आठवडे रस्त्यावर. एवढीच गोष्ट.

“देखणेपणावर आक्षेप कसला?” मी विचारलं. “कॉनरॅड हॉलनं चित्रित केलाय. हा माणूस एडवर्ड हॉपरची चित्रं डोळ्यांसमोर ठेवून प्रकाश टाकत होता.”

“तेच म्हणतेय. तो शेवटाकडचा पाऊस आठव. रात्र, ओला रस्ता, हॅटवरून ओघळणारं पाणी. अंधारातून बंदूक धडधडते आणि रूनीची माणसं एकेक करून कोसळतात. आवाज नाही. वर पियानो. आता मला सांग, ती कोसळणारी माणसं कोण होती? त्यांना पोरंबाळं नव्हती? बापलेकांचा सिनेमा म्हणवतो, आणि इतके बाप मेले त्यांची मोजदाद नाही.”

“आवाज काढून टाकला म्हणूनच ते अंगावर येतं.”

“तुझ्या येत असेल. मला वाटलं, कुणीतरी डाग पुसून दिला.”

मला हा आरोप नवा नव्हता. रॉजर एबर्टसारख्या समीक्षकानंही त्या वेळी सिनेमाचं कौतुक करता करता, तो आपल्याला आवडला की नाही याची खात्री देता येत नाही, अशा अर्थाचं लिहिलं होतं. आत्याला एबर्ट कोण ते ठाऊक नव्हतं, पण आपल्या बाजूला साक्षीदार आहे हे कळल्यावर तिनं समाधानानं ताकाचा भुरका घेतला.

मी दुसरीकडून सुरुवात केली. “आत्या, पहिला खून आठव. रूनीच्या टोळीतल्या मॅकगव्हर्नचा. पोरगं भिंतीतल्या फटीतून बघतंय. त्याला आणि आपल्याला काय दिसतं? बापाचे पाय. खाली पडणारी रिकामी काडतुसं. चेहरा नाही. हा सिनेमा त्या पोराच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. सुरुवातीला तोच बोलतो आणि शेवटीही तोच. त्यानं बापाला आयुष्यभर असंच पाहिलं असणार, दारातून, फटीतून, काचेतून. बाप खोलीत कोट काढतो, खिशातलं पिस्तूल पलंगावर ठेवतो, आणि हा बोळात उभा राहून बघतो. थंडपणा आहे तो त्या अंतराचा आहे. आणि देखणेपणा आठवणीचा. मेलेल्या बापाच्या आठवणी कुणाला ओबडधोबड येतात?”

“मला येतात,” आत्या म्हणाली.

ती तिच्या वडिलांबद्दल, म्हणजे माझ्या आजोबांबद्दल बोलत होती. मी विषय पुढे ढकलला.

“कॉनर खून करून दाराशी येतो,” मी म्हटलं, “घरात दिवा, बाहेर अंधार. दाराच्या काचेत त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. त्याच काचेपलीकडे पोरगं सायकल टाकून उभं आहे आणि त्याच्याकडे बघतंय. कॉनरला ते दिसतच नाही. ज्याला मारायला आला तो हातभर अंतरावर आहे, आणि हा स्वतःला बघून निघून जातो. एवढं सगळं एका चित्रात सांगणाऱ्या माणसाला तू डाग पुसणारा म्हणतेस?”

“ते चांगलं होतं,” तिनं कबूल केलं. “ते मी मान्य करते. पण हँक्स?”

इथे मी जरा अडचणीत होतो. टॉम हँक्स म्हणजे ‘फॉरेस्ट गंप’चा भाबडा, जगाचा जावई झालेला भला माणूस. त्याला मिशी लावली, वजनदार कोट घातला, कमी बोलायला लावलं, तरी तो खुनी वाटायला वेळ लागतो. आत्याचं म्हणणं असं की, प्रेक्षकानं सलिव्हनला आधीच माफ करून बसावं म्हणून केलेली ही निवड आहे. शिवाय पुढे तो ज्यांना ज्यांना समोरासमोर मारतो ते एकजात त्याच लायकीचे आहेत अशी चोख व्यवस्था पटकथेनं केली आहे. मॅकगव्हर्नची माणसं तेवढी त्यात बसत नाहीत, आणि नेमकी तीच आपण नीट पाहत नाही. माझं उत्तर होतं की पोरालाही आपला बाप खुनी वाटलेला नव्हता, तेव्हा प्रेक्षकाला वाटू नये हे बरोबरच. उत्तर दिलं खरं, पण ते मलाच थोडं सोयीचं वाटलं.

“तू ती खतावणी सोडून सगळ्यावर बोलतोयस,” आत्या म्हणाली, आणि मला कळलं की आता खरी तपासणी सुरू होणार.

“कुठली खतावणी?”

“रान्सची. तो टोळीचा अकाउंटंट. हॉटेलात गोळीबार होतो आणि सलिव्हन त्याची कागदपत्रं घेऊन पळतो. पुढे दंडात गोळी लागलेला, शेतकऱ्याच्या घरी पडून असताना तो ती वाचतो. सगळा सिनेमा तिथे फिरतो आणि तू त्या वेळी पाणी प्यायला उठला होतास. कॉनर वर्षानुवर्षं बापाच्या धंद्यातून पैसे काढत होता. कुणाच्या नावावर? मेलेल्या माणसांच्या. मॅकगव्हर्न म्हणत होता ना की माझ्या भावानं चोरी केलेली नाही? खरं बोलत होता बिचारा. कॉनरनं त्याला मारला तो रागाच्या भरात असं आपल्याला वाटतं. छे! खाती बंद करत होता तो.”

हे मी खरोखरच असं पाहिलं नव्हतं.

“आणि ते साल काय म्हणालास? १९३१. त्याच साली ऑक्टोबरात अल कॅपोन दोषी ठरला. कशात? इतक्या खुनांचं रक्त हाताला लागलेला माणूस अडकला आयकर बुडवल्याबद्दल. अकरा वर्षं शिक्षा झाली. त्या काळच्या गुंडांना बंदुकीपेक्षा वहीची भीती जास्त असणार, हे ज्यानं लिहिलं त्याला कळलेलं दिसतं. तुमच्या दिग्दर्शकाला कितपत कळलंय कोण जाणे. त्यानं कॅमेरा बंदुकीवरच ठेवला.”

“कॅपोनचा एक प्रसंग चित्रित झाला होता. अँथनी लापालियानं काम केलं होतं. मेंडिसनं तो कापला.”

“बरं केलं. हेड ऑफिस कधी समोर दिसू नये. कॅपोनच्या हाताखालच्या त्या फ्रँक निटीला नुसतं शिकागोच्या हॉटेलात बसवलं, तेवढं पुरे.”

बँकलुटीच्या भागावर मात्र ती खूश होती. सलिव्हन छोट्या गावांतल्या बँकांत शिरतो, कॅपोनचा दडवलेला पैसा तेवढा मागतो, आणि जाताना मॅनेजरच्या हातावर काही ठेवून बजावतो की गरीब शेतकऱ्यांच्या ठेवी लुटल्याची बातमी मला पेपरात दिसता कामा नये. आत्या म्हणाली, हे चतुर आहे, कारण अमेरिकेत तेव्हा ठेवींवर विमाच नव्हता. त्याचा कायदा १९३३चा. आपल्याकडे तर १९६० साली पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्यावर शहाणपण आलं आणि १९६२मध्ये ठेव विमा महामंडळ उभं राहिलं. तेव्हा १९३१च्या त्या गावातला मॅनेजर लुटीच्या नावाखाली दोन ठेवीदारांचे पैसे सहज जिरवू शकला असता, सलिव्हनला हे पुरतं माहीत होतं.

मला त्या भागात वेगळंच आवडतं. बारा वर्षांचं पोरगं स्टिअरिंगच्या वर नाक काढून गाडी चालवायला शिकतं. मग खानावळीत बसून बापाकडे लुटीतला आपला वाटा मागतं. किती? दोनशे डॉलर. बाप लगेच कबूल होतो. पोराला वाटतं, जास्त मागायला हवे होते. मागितले असते तर मिळाले असते का, असं ते विचारतं, आणि ते तुला कधीच कळणार नाही असं बाप सांगतो. अख्ख्या सिनेमात बाप-लेक एकमेकांशी बाप-लेकासारखे बोलतात ते इथे, आणि शेतावरच्या रात्री. तुमचं धाकट्या पीटरवर जास्त प्रेम होतं का, असं पोरगं विचारतं. बाप नाही म्हणतो. मग माझ्याशी वेगळं का वागायचात? त्यावर बाप चाचरतो आणि कसंबसं सांगतो की तू माझ्यासारखा होतास, आणि तू तसा व्हावास असं मला वाटत नव्हतं.

“हे एक वाक्य बोलायला त्याला बायको आणि एक मुलगा गमवावा लागला,” मी म्हटलं.

“आणि बायकोला किती वाक्यं होती?”

मी मोजायला लागलो.

“नको मोजूस. बोटं उरतील. जेनिफर जेसन ली चांगली नटी आहे. तिला स्वयंपाकघरात उभं केलं, आंघोळीच्या खोलीत मारलं. नवरा काय करतो हे तिला माहीत होतं की नव्हतं, तेवढा एक प्रश्न तरी विचारायचा होता. आपल्याकडे बघ. ‘दीवार’, ‘वास्तव’. गुंडाची आई म्हणजे साक्षात न्यायासन. ‘वास्तव’मधल्या रघूला शेवटी गोळी आईच घालते. आपल्या लोकांनी आईचा अतिरेक केला हे मान्य. पण यांनी तिला दाराआडच ठेवली.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. बापलेकांची गोष्ट सांगायची तर बाईला आधी वाटेतून बाजूला करावं लागतं, हा फार जुना आळस आहे आणि चांगले चांगले लेखक तो करतात.

रूनी झालेल्या पॉल न्यूमनवर मात्र आमचं जमलं. तो तळघरात पोरांशी फासे खेळतो ते, सलिव्हनच्या शेजारी बसून पियानो वाजवतो ते. तो पियानो दोघांनी खरोखर वाजवलाय. तेवढ्या एका मिनिटात म्हातारा आपल्या सख्ख्या मुलापेक्षा या पोसलेल्या मुलावर किती जीव लावून आहे ते समजतं, आणि ते बघत उभ्या असलेल्या कॉनरचं तोंडही दिसतं. हॉलनं तरुण न्यूमन ‘कूल हँड ल्यूक’मध्ये टिपला होता, १९६७ साली; ‘बुच कॅसिडी’साठी त्याला पहिलं ऑस्कर मिळालं तेव्हाही समोर न्यूमनच होता. तीसपस्तीस वर्षांनी तो तोच चेहरा टिपत होता, आता सुरकुतलेला. २००३च्या जानेवारीत हॉल गेला आणि मार्चमध्ये याच सिनेमाचं ऑस्कर त्याच्या मुलानं मंचावर जाऊन घेतलं. हॉलचे वडीलही साधे नव्हते. ‘म्युटिनी ऑन द बाउंटी’ या कादंबरीच्या दोन लेखकांपैकी एक.

“माझ्या मते हा सिनेमा सलिव्हनचा नाहीच,” आत्या म्हणाली. “रूनीचा आहे. चर्चच्या तळघरात सलिव्हन त्याच्यापुढे कागद टाकतो. तुझा पोरगा तुला लुबाडतोय, हे घे पुरावे. आणि म्हातारा काय म्हणतो? मला माहीत आहे! अरे, मी तिथे ताठ बसले. पुरावा समोर ठेवल्यावर माणूस नाकारतो, चिडतो, रडतो. हा म्हणतो, माहीत आहे. मी मेल्यावर कॅपोनची माणसं त्याला मारणार हेही त्याला माहीत आहे. तरी, माझ्या हातानं त्याला तुझ्या ताब्यात देणार नाही. आपण सगळे खुनीच आहोत, आपल्यातल्या कुणाला स्वर्ग दिसायचा नाही, असंही स्वतःच म्हणतो. सलिव्हन आपल्या पोरासाठी जे करतो ते कुणीही बाप करेल, निरागस पोरगं आहे. रूनी नालायक पोरासाठी ते करतो. हिशेब पूर्ण माहीत असताना. ते कठीण.”

“म्हणजे तुला तो योग्य वाटतो?”

“योग्य? त्याच्यामुळे एक आई आणि एक पोर गेलं. मी म्हणतेय, तो मला कळला.”

मी तिला खऱ्या रूनीची हकिकत सांगितली. मॅक्स ॲलन कॉलिन्सनं लिहिलेल्या आणि रिचर्ड पियर्स रेनरनं चितारलेल्या १९९८च्या ज्या चित्रकादंबरीवरून सिनेमा निघाला, तिच्यात म्होरक्याचं नाव लूनी आहे. जॉन लूनी हा माणूस रॉक आयलंडमध्ये खरोखर होऊन गेला. तो वर्तमानपत्र चालवायचा, आणि ते बातम्यांपेक्षा लोकांना धमकावून पैसे उकळण्यासाठी जास्त. त्याचा मुलगा कॉनर १९२२ साली भर गावात झालेल्या गोळीबारात मारला गेला. लूनी पुढे खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला. म्हणजे खऱ्या गोष्टीत बाप मागे उरला. सिनेमानं क्रम फिरवला. आधी बाप मरतो, तोही मारणाऱ्याकडे बघत, मारणारा तूच आहेस याचं बरं वाटलं असं सांगत. आणि तो गेल्यावर कॉनरला आसरा उरत नाही. निटीच त्याचा पत्ता देतो. आंघोळीच्या टबात तो मरतो, तेही आपल्याला हलणाऱ्या दाराच्या आरशात क्षणभर दिसतं.

“पुन्हा आरसा,” आत्या म्हणाली. “पुन्हा पाणी. या दिग्दर्शकाला कोरड्या जागी कुणी मेलेलं चालत नाही वाटतं.”

ही थट्टा होती, पण ती बरोबर बोलत होती. सुरुवातीला बर्फावर ठेवलेलं प्रेत, खाली बादलीत ठिबकणारं पाणी. मग टब, पाऊस, पुन्हा टब, आणि शेवटी तळ्याकाठचं घर. मेंडिसनं ते ठरवूनच केलं आहे. पहिल्यांदा पाहताना हे लक्षात न येता भिनतं. दुसऱ्यांदा लक्षात येतं, आणि मग थोडं जास्तच लक्षात येतं.

तळ्याकाठच्या घरावर आमचं खरं वाजलं. मग्वायर हा मारेकरी मूळ पुस्तकात नाही, सिनेमासाठी रचलेला. ज्यूड लॉनं केलाय. मेलेल्या माणसांचे फोटो काढून विकणं हा त्याचा जोडधंदा. तो सलिव्हनला पाठीत गोळ्या घालतो आणि लगेच कॅमेरा लावायला घेतो. तेवढ्यात पोरगं बंदूक रोखून उभं राहतं. चाप ओढत नाही. शेवटची गोळी मरता मरता बापच झाडतो.

“सोयीचं,” आत्या म्हणाली. “हात बापाचे घाण झाले, पोराचे स्वच्छ राहिले, आणि दुष्ट माणूसही मेला. सगळ्यांची सोय झाली.”

“कॉलिन्सनं ही गोष्ट जपानी ‘लोन वुल्फ अँड कब’वरून घेतली आहे,” मी म्हटलं. “कोइके आणि कोजिमा यांची चित्रमालिका, १९७० साली सुरू झालेली. तिथलाही बाप मारेकरी, बायको मारली गेलेली, तान्हं पोर बरोबर. निघण्याआधी तो पोरापुढे एक चेंडू आणि एक तलवार ठेवतो. चेंडूकडे रांगलं तर त्याला आईकडे धाडायचं, तलवारीकडे गेलं तर सोबत न्यायचं. पोरगं तलवारीला हात लावतं आणि जगतं. सिनेमानं ते उलटं केलं. इथे पोरगं हत्यार वापरत नाही आणि सुटतं. तू सोय म्हणतेस, पण सबंध सिनेमा त्या न झाडलेल्या गोळीसाठी आहे. बाप मरताना समाधानी आहे तो तेवढ्यासाठी.”

“जपानी बाप निदान स्वतःला फसवत नव्हता. पोराला कुठे नेतोय हे त्यानं पोरापुढे मांडून ठेवलं. हा मात्र पोराला गाडी चालवायला शिकवतो, दरोड्यात पळून जायला वापरतो, वाटा देतो, आणि वर म्हणतो, तू माझ्यासारखा होऊ नकोस.”

“सगळेच बाप असं म्हणतात.”

“सगळ्यांच्या गाडीत मशीनगन नसते.”

मी शेवटच्या निवेदनाचा आधार घेतला. पोरगं म्हणतं की बाप चांगला होता की वाईट, असं लोक विचारतात तेव्हा मी एवढंच सांगतो की तो माझा बाप होता. मला हे उत्तर आजही पुरतं. आत्याला ते उत्तरच वाटत नाही. लेखी खुलासा मागितल्यावर, संबंधित कर्मचारी माझे नातेवाईक आहेत, असं कुणी लिहून दिलं तर चालेल का, असं तिनं विचारलं.

“बरं, एक सांग,” ती म्हणाली. “शेवटी पोरगं राहतं कुणाकडे?”

“त्या शेतावरच्या म्हातारा-म्हातारीकडे. जखमी असताना त्यांनीच सांभाळलं होतं ना दोघांना.”

“आणि तिथून निघताना सलिव्हन त्यांच्या घरात काय ठेवून गेला?”

“पैसे.”

“लुटीतले. म्हणजे कॅपोनचे. मग पुढे त्या पोराचं जेवणखाण, कपडे, शाळा कशावर झाली?”

“त्यांनी ते पैसे काय करायचे होते मग? शिकागोला जाऊन कॅपोनला परत करायचे?”

“ते मी कुठे म्हणतेय? मी फक्त नोंद दाखवतेय. पोरगं या धंद्यापासून लांब राहावं म्हणून माणूस जिवावर उदार झाला, आणि त्याच्या ताटात वाढून गेला तो घास त्याच धंद्याचा. सिनेमा हे दाखवतो आणि त्यावर एक अक्षर बोलत नाही. आता ते त्याला दिसलंय म्हणून गप्प आहे, की दिसलेलंच नाही, हे मला ठरवता आलेलं नाही.”

“दिसलं असेल तर?”

“तर एक आक्षेप मागे घेईन,” आत्या ताटं उचलत म्हणाली. “देखणेपणाचा नाही. दुसरा कुठलातरी.”